जात्याचं घड्याळ

आईनं हेडफोन कानांवरून काढला, मांडीवर ठेवला आणि ओठ हलवून मला विचारलं, "कोण ही?"

आवाज आला नाही. आईला आवाज नव्हताच. मागल्या भाद्रपदात डॉक्टरांनी तिचं स्वरयंत्र काढलं होतं. श्वासासाठी गळ्याशी भोक ठेवलं होतं आणि त्यावर ती सुती रुमाल बांधायची. घरातल्या सगळ्यांना तिचे ओठ वाचायची सवय झाली होती. तरीही मला कळलंच नाही असं मी दाखवलं. तिनं पुन्हा, सावकाश विचारलं. कोण ही बाई?

"आई, तूच आहेस."

तिनं मान हलवली, वॉकमन माझ्याकडे सरकवला आणि तव्यावरची भाकरी उलटायला गेली. भाकरी फुगली नव्हती. तिनं ती उगाचच दाबून दाबून पाहिली.

मी उठून अंगणात आले, परत आत गेले, पुन्हा बाहेर आले. त्या दिवसांत माझं असंच चालायचं. पाय एका जागी ठरत नव्हते. पुण्यात ऑफिसमध्ये खुर्चीवर बसलं की गुडघा हलायला लागायचा आणि शेजारचा म्हणायचा, उज्ज्वला, टेबलाला भूकंप होतोय.

कारण श्रीरंगचं लग्न ठरलं होतं. श्रीरंग माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळतात. जात्याला आंब्याची डहाळी बांधतात, हळदकुंकू लावतात आणि नवऱ्याची आई पहिली बसते. पहिली ओवी तिची. तिनं ओवी टाकली की बाकीच्या बाया उचलून धरतात. आईनं सांगून टाकलं होतं की ती बसणार नाही, सोनाकाकू बसेल. अप्पांनी, म्हणजे वडलांनी, समजूत घालून पाहिली होती की नुसता हात लाव, ओवी दुसरं कुणी म्हणेल. त्यावर आईनं ओठ आवळले. मुकं जातं लग्नात फिरवू नये, असं तिच्या माहेरी म्हणायचे.

आणि हे जात्यापुरतं राहिलं नव्हतं. साखरपुड्याला ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. सुनेची साडी निवडायला काकूला पाठवलं. लेकाच्या लग्नातून ती एकेक पाऊल मागं सरकत होती, आणि ते मागं सरकणं एवढं हळू होतं की अप्पांना, श्रीरंगला कळतच नव्हतं. अप्पा आपले पाहुण्यांना हसत सांगत, इतकी वर्षं मी ऐकलं, आता माझं ऐकायची पाळी तिची. आईही हसायची. मला ते हसू बघवायचं नाही.

म्हणून मी शब्द देऊन बसले होते. लग्नाच्या आत तुझा आवाज आणते म्हणाले होते.

आवाज होता. श्रीरंग शाळेत असताना त्याला मामानं टेपरेकॉर्डर दिला होता. त्यानं पहिल्याच दिवशी तो आई दळत असताना चालू केला होता, पण ठेवला होता जात्याला खेटून, जमिनीवर. त्यामुळे कॅसेटवर जातं भरभरून आलं होतं. आई त्या घरघरीच्या पलीकडे कुठंतरी होती, नदीपल्याडच्या माणसानं हाक मारावी तशी.

मला वाटलं, मी प्रोग्रामर आहे, हे काय अवघड. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. ज्या तुकड्यात नुसतं जातं ऐकू येत होतं, तो शोधला. त्याच्यात कोणकोणते सूर आहेत ते मोजलं आणि तेवढे सूर अख्ख्या टेपमधून पुसून टाकले. घरघर गेली. उरला एक पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज. मला त्यात आई ऐकू यायची. ऐकू यायला हवी होती म्हणून येत असेल.

कोण ही बाई?

*

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणिताचा तिसरा पेपर असायचा, एम-थ्री. त्यात नापास होण्याची लाज नसायची, पास होण्याचं कौतुक असायचं. आम्ही कॉम्प्युटरची मुलं तर उघडच म्हणायचो, पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहायला फूरियेचं गणित कशाला लागतं. मागच्या बाकावरच्या एकानं करंबेळकर मॅडमना भर वर्गात तसं विचारलंही होतं. मॅडम फळा पुसत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "माहीत नाही. तुझी गरज काय असेल ते मला आज कसं कळणार?" वर्ग हसला. मी प्रश्नसंचातली ठरावीक गणितं पाठ केली, चांगल्या मार्कांनी सुटले आणि पुस्तक खालच्या वर्गातल्या मुलीला देऊन टाकलं.

गावाहून परतले आणि तशीच पिशवी घेऊन कॉलेजात गेले. मॅडम स्टाफरूममध्ये डबा खात होत्या. त्यांना माझं नाव आठवलं नाही, पण कोणत्या बाकावर बसायचे ते आठवलं. मी आईचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, आधी मूळची टेप ऐकली आणि मग माझी. ऐकताना डोळे मिटले नाहीत, खिडकीतून सायकलस्टँडकडे बघत राहिल्या.

"पिवळा सदरा घातलेला चोर सापडला," त्या म्हणाल्या, "म्हणून तू जत्रेतले सगळे पिवळे सदरे हाकलून दिलेस. तुझ्या आईचा खर्जही त्याच सुरांत होता. आता उरली ती दुसरीच बाई."

"आईही तेच म्हणाली."

"मग पेपर तिनंच तपासला. माझं काय काम?"

मी उठू लागले तर त्यांनी बोटानं बस म्हटलं. डब्याचं झाकण उलटं टेबलावर ठेवलं आणि फिरवलं. विचारलं, जातं आणि आई या दोघांत खरा फरक कशाचा, ते सांग. मी म्हटलं, एक दगड, एक माणूस. त्या म्हणाल्या, हे कॉम्प्युटरला सांगता येणार नाही, पुढे बोल. मी फिरणारं झाकण बोटानं थांबवलं. तेव्हा त्यांनीच विचारलं, जात्याला टाकी लावतात ना? दगडावर घाव घालून खाचा पाडतात. त्या खाचा जागच्या हलतात का?

"नाही."

"म्हणजे जी खाच फेरीत जिथं बोलली, तिथंच ती पुढच्या फेरीतही बोलणार. आणि आई? ओवीची चाल तर तीच."

"चाल तीच. पण दोनदा तशीच नाही म्हणत."

"कोणीच नाही म्हणत," मॅडम म्हणाल्या. "मग सगळ्या फेऱ्या एकावर एक रच. सरासरी काढ. जे हलत नाही ते ठळक होईल. जे दर खेपेला निराळं आहे ते आपसांत विरून जाईल. उरेल निव्वळ दगड. तो आख्खा उचल आणि टेपमधून वजा कर. सुरांना हात लावू नकोस."

मी जिन्यावरून जवळजवळ पळत उतरले. ऑफिसला रविवारी कुणी नसायचं, म्हणून रविवार येईपर्यंत थांबले. तिथं बसून लिहिलं, चालवलं, ऐकलं, आणि हेडफोन टेबलावर आपटला. एका जात्याची दोन जाती झाली होती. एक पुढं, एक मागं, दोघं एकमेकांच्या पाठी लागलेली आणि मधे आई सापडलेली. पुन्हा मोजलं. फेरीची लांबी केसभर वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. सुरुवातीच्या फेऱ्या जुळल्या की शेवटच्या सुटायच्या.

लग्नाच्या पत्रिका छापून आल्या होत्या. श्रीरंगनं फोनवर वाचून दाखवली. खाली "आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं"सारखं काही नको, असं आईनं ओठांनी सांगितलं म्हणे, आणि सगळे हसले. मी पण हसले आणि फोन ठेवल्यावर बाजारापर्यंत चालत जाऊन काहीच न घेता परत आले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जातं एका वेगानं फिरतं का?"

मी मोकळ्या हातानं हवेत जातं फिरवून पाहिलं.

"मग फेऱ्या कुणाच्या घड्याळानं मोजल्यास?"

"कॉम्प्युटरच्या."

"जा, दळून ये," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. एम-थ्रीचा गृहपाठसुद्धा त्या असाच द्यायच्या.

*

जातं मागच्या पडवीत होतं. आईनं गळ्याच्या ऑपरेशननंतर त्याला हात लावला नव्हता. मी पाट मांडून बसले तशी आई सूप खाली ठेवून परसात निघून गेली. मात्र सोनाकाकू आली. माझी चुलती, शेजारच्याच घरातली, जिभेला कधी म्यान नसलेली.

"आली का पुन्याची इंजिनेर दळायला," ती म्हणाली. "म्हंजे आता गिरनीवाला इमान उडवनार."

मी म्हटलं, काकू, मला शिकायचंय. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग पदर खोचला आणि समोर बसली. दोघींनी एकच खुंटा धरला. मी जोर लावला तर तिनं हातावर चापट मारली. वैरण घाल म्हणाली, कोरडं फिरवू नये, दगड दगडाला खातो. मी मूठभर गहू जात्याच्या तोंडात टाकले.

आणि जातं जड झालं. हाताला कळलं, खांद्याला कळलं. दाणा भरडेपर्यंत फेरी रेंगाळली, मग हळूहळू मोकळी झाली, मग भरभर चालायला लागली, तोवर काकूनं पुढची मूठ टाकली. पुन्हा जड. मी इतके दिवस ज्याला एकसारखी घरघर समजत होते ती घरघर चालत होती, थांबत होती, चढ चढत होती, उतार उतरत होती. माझ्या लहानपणापासून ते जातं मी ऐकत आले होते.

दर फेरीला एकदा खट् असा आवाज येत होता. मी काकूला विचारलं.

"खुंटा ढिला हाय. तुझ्या आयशीनं कधी पाचर मारू दिली न्हाई. म्हनायची, ऱ्हाऊ द्या, सोबत करतो मला."

तो खट् टेपवरही होता. सगळ्यात आधी मी तोच पुसला होता.

काकूचा हात मध्येच थांबला. परसाकडे बघून ती खालच्या आवाजात म्हणाली, "उज्जे, तुला वाटत आसंल काकूला हौस हाय तिच्या जागी बसायची. न्हाई बाई. मला ओव्या सुचत न्हाईत. मी जन्मभर हिनं टाकलेल्या उचलल्या."

मी त्याच दुपारच्या एसटीनं परतले. गाडीत बसल्या बसल्या तिकिटाच्या मागं आकृती काढत होते. एम-थ्रीत चलबदल नावाचा प्रकार असायचा. एखादं गणित सुटत नसलं की ते तसंच ठेवायचं आणि मोजायचं माप बदलायचं. पाठ केलेलं होतं, कधी वापरलेलं नव्हतं. आता ते माझ्या खांद्यात दुखत होतं. सेकंदांत मोजलं तर दगड डळमळतो. मग सेकंद सोडायचे. एका खट् पासून दुसऱ्या खट् पर्यंत एक फेरी, मग ती रेंगाळलेली असो नाही तर पळालेली. प्रत्येक फेरी ताणून किंवा दाबून सारख्या मापाची करायची. काळ जात्याच्या हिशेबानं चालू द्यायचा.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. परत घड्याळाच्या वेळेत येताना काय करणार आहेस, असं विचारलं, आणि तिथं मी खरोखर चुकत होते. तिथून पुढचे दिवस त्यांच्या आणि माझ्या फोनाफोनीत गेले. एकाच फेरीच्या आत जातं कसं वेग घेतं, दोन खट्‌मधला काळ कोणत्या वक्रानं वाकवायचा. एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर कागद पसरून आम्ही तो वक्र काढला. त्यांचे यजमान चहा करायला आत आले आणि पाऊल न वाजवता तसेच मागं गेले. मी अधूनमधून उठून खिडकीपर्यंत जायचे. मॅडम म्हणायच्या, फिर, फिर, पाय चालले की डोकं चालतं, फक्त माझी पेन्सिल ठेवून जा.

हळदीच्या आदल्या दिवशी जमलं. जात्याच्या काळात सगळ्या फेऱ्या एकमेकींवर अशा बसल्या की खाच न् खाच दिसावी. डळमळणारा दगड स्थिर उभा राहिला, मी तो उचलला आणि बाजूला ठेवला. मग काळ पुन्हा घड्याळाचा केला आणि हेडफोन लावला.

आधी काहीच नव्हतं. मग श्वास. मग आई.

माझ्या दारावरनं, वाट गेली डोंगराला
लेकाच्या गं लग्नाला, मूळ धाडा चांदण्याला

जाड, खालून आलेला, थोडा मिश्रीनं भाजलेला तो आवाज. श्रीरंग तेव्हा शाळेत होता आणि आई त्याच्या लग्नाला चांदण्याला बोलावत होती. दोन ओव्यांच्या मधे ती हळूच म्हणाली, "लांब सर रं, पीठ उडंल." हे आजवर कुणीच ऐकलेलं नव्हतं. ते दगडाखाली होतं. मी मॅडमना फोन लावला आणि रिसीव्हर हेडफोनपाशी धरला. ओवी संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. मग त्या म्हणाल्या, "आता गाडी पकड."

*

पडवी बायांनी भरली होती. जात्याला डहाळी बांधून झाली होती, हळकुंडं सुपात होती. काकू जात्याच्या एका बाजूला अंग चोरून बसली होती आणि तिच्यासमोरचा पाट मोकळा होता. आई स्वयंपाकघराच्या दारात होती. हातात उलथनं, जसं काही आत फार काम पडलंय. मी तिला ही नवी टेप आधी ऐकवली नव्हती. पुन्हा तो प्रश्न तिच्या ओठांवर बघायची मला छाती नव्हती.

मी श्रीरंगचा जुना टेपरेकॉर्डर कोनाड्यात ठेवला, तो आवाज उतरवून आणलेली कॅसेट त्यात घातली आणि बटण दाबलं.

बाया बोलत होत्या त्या एकेक करून थांबल्या. आवाज पडवीभर झाला. कुणीतरी पदर तोंडाला लावला. अप्पा बाहेर मांडवात कुणाला तरी पत्रावळींचं सांगत होते, त्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलं आणि ते आतच आले नाहीत, खांबाला धरून उभे राहिले.

मी आईकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. पहिली ओवी झाली. दुसरीच्या मधे आवाज थबकला, जिथं तेव्हा जातं जड झालं असेल तिथं. पडवीत एकदम रिकामं वाटलं. पायरी चढायला पाऊल उचलावं आणि पायरी नसावी, तसं. आईच्या कपाळाला आठी पडली. तिनं माझ्याकडे बघून ओठ हलवले. या खेपेला तिनं वेगळंच विचारलं.

"जातं कुठंय?"

"काढलं," मी म्हटलं. "तू ऐकू यावीस म्हणून."

तिनं मला वेड्यात काढल्यासारखी मान हलवली. उलथनं दाराच्या चौकटीला टेकवलं, बायांमधून वाट काढत आली आणि मोकळ्या पाटावर बसली. हळकुंडांची मूठ घातली. खुंटा धरला. टेपमधला आवाज दमला तिथं तिचा हात दमला, मोकळा झाला तिथं मोकळा झाला. घरघर आली, खट् आला. मी जिथून दगड उचलला होता, बरोबर तिथं तिनं तो आणून ठेवला. तिचे ओठ टेपच्या बरोबरीनं हलत होते. काकूचा हातही खुंट्यावर होता आणि बाया ओव्या उचलत होत्या, रडत, नाक ओढत, बेसूर.

टेप संपली. श्रीरंगनं त्या दिवशी एवढंच भरलं होतं. पुढं नुसती खरखर.

आई थांबली नाही. जातं फिरत राहिलं आणि तिचे ओठही. पण आता कुठून काही येत नव्हतं. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मी अर्धवट उठले, पुन्हा बसले. हे माझ्याजवळ नव्हतं. हे कुठल्याच टेपवर नव्हतं, ती आत्ता नवीन टाकत होती.

काकू तिच्या अगदी समोर होती. ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, डोळे बारीक करून, सुईत दोरा ओवताना बघावं तसं. मग घसा खाकरून ती तिच्या फाटक्या आवाजात म्हणाली,

सून येती गं घराला, तिला शेजारी घेईन
माझं उरलेलं गाणं, तिच्या हातात घालीन

आईनं जातं थांबवलं. जोरात मान हलवली. पुन्हा ओठ हलवले, एकेक अक्षर सुटं करून, आणि पिवळ्या झालेल्या बोटांनी स्वतःच्या गळ्यावरचा रुमाल दाखवला.

"गळ्यात," काकू म्हणाली. "गळ्यात व्हय. बरं बाई, रागवू नगंस. कधी नव्हं ते म्हनतीया मी." आणि पडवीत हसू फुटलं, आईच्या खांद्यांतसुद्धा.

मी कोनाड्यातल्या टेपचं बटण दाबून खरखर बंद केली. कुणी वळून पाहिलं नाही. आईनं नवी मूठ घातली, जातं जड झालं, आणि दोघींनी मिळून ते ओढलं.

सून येती गं घराला, तिला शेजारी घेईन
माझं उरलेलं गाणं, तिच्या गळ्यात घालीन